विश्वकर्म्याच्या दिवशी उठवलेलं इंजिन

शकुन चहाची किटली घेऊन जिना उतरली, तेव्हा तिच्या मनात भीतीबिती काही नव्हती. भ्यायलाही सवड लागते, आणि ती तिला कुठली! खाली शेडमध्ये नवऱ्याचे दोन मित्र सकाळपासून ग्रीसमध्ये लडबडले होते, वर नवरा उशांच्या ढिगाला टेकून एकेक श्वास विहिरीतून पाणी ओढावं तसा ओढत होता, आणि मधल्या जिन्यावर ही एकटी वरखाली.

खिदिरपूरला गोदीच्या भिंतीलगत त्यांची गल्ली होती. साल अठ्ठ्याहत्तर. नवरा, चारुदत्त, कस्टम्समध्ये, मुंबईहून बदली होऊन आलेला. दमा त्याला तिथेही होता, पण कलकत्त्याच्या हिवाळ्यानं त्याला धार आणली. संध्याकाळ झाली की घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटायच्या, धूर वर जायचा नाही, गल्लीतच साचून बसायचा. डॉक्टर म्हणाले होते, "आणखी एक हिवाळा इथे काढलात तर मी काही सांगू शकत नाही." डॉक्टर लोक आडून बोलतात. शकुनला आडून बोललेलं सरळ ऐकू येत असे.

वर डोंगरात कर्सियांगला तिच्या मावसबहिणीचं घर होतं. हवा कोरडी, स्वच्छ. पण डोंगरावरच्या त्या छोट्या गाडीचा कोळशाचा धूर! गेल्या वर्षी अर्ध्या वाटेवर ओठ निळे पडलेल्या नवऱ्याला तिनं खांद्यावर टाकून खाली उतरवलं होतं. म्हणून ही व्हॅन. एका बेकरीची जुनी, पाव पोचवणारी. मागे गादी टाकली की माणूस निजून जाऊ शकेल अशी. खोट एकच, ती साधा पूलसुद्धा धापा टाकत चढायची. मग दिगंबरनं इंजिन शोधलं. तो गोदीत इंजिनं दुरुस्त करायचा, जन्मानं कलकत्त्याचा. तोडायला काढलेल्या एका लाँचचं ते इंजिन त्यानं उचलून आणलं, आणि बँकेतल्या गुरुदत्तच्या मदतीनं तीन रविवार खपून व्हॅनमध्ये बसवलं.

"हा शंख बघा, वहिनी," चहाचा कप घेत दिगंबर म्हणाला. इंजिनाच्या कुशीला खरंच शंखासारखं एक बिडाचं वेटोळं होतं, आणि त्याचं तोंड वीतभर उघडं. "हा टर्बो. इंजिनाचाच धूर यातला पंखा फिरवतो, आणि पंखा बाहेरची हवा खेचून आत कोंबतो. वर हवा विरळ झाली तरी याचा दम तुटणार नाही."

"म्हणजे हा चारूलाच बसवायला हवा होता," गुरुदत्त म्हणाला. "व्हॅनला कशाला?"

सगळे हसले. शकुनही हसली.

तेवढ्यात घरमालकीण आली, निभामाशी. माशी म्हणजे तिथली मावशी; शकुनला ती बौमा, सूनबाई, म्हणायची. हातात प्रसादाची थाळी. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. एरवी त्या गल्लीत घणांच्या आणि लेथच्या आवाजात शेजारचं माणूस ऐकू येत नसे. आज प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ होती, आणि सगळं इतकं चिडीचूप की छपरांवरून पतंग उडवणाऱ्यांच्या चपला ऐकू येत होत्या. पतंग कटला की कुणीतरी ओरडे, "भो-काट्टा!" आणि पुन्हा ती शांतता.

माशीनं उघडं इंजिन पाहिलं, हत्यारं पाहिली आणि थाळी छातीशी धरली. "आज नको, बौमा. आज नको…" मग हळूच, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "वर्षभर राबतात बिचारी. आज त्यांची झोप. आज उठवलंत, तर परत निजायची नाहीत."

"माशीमा, आमच्यात हत्यारं खंडेनवमीला पूजतात," शकुन म्हणाली. "तेव्हा मी हळदकुंकू वाहीन, नारळ फोडीन. आजचा दिवस तुमचा. आमचा नव्हे."

दिगंबरनं पाना खाली ठेवला. "वहिनी, उद्या सुरू केलं तर? मी इथलाच आहे. आज इथे कुणी सायकलला तेलसुद्धा घालत नाही."

"उद्या तुमची गोदी, गुरुदत्त भावजींची बँक. मग पुढचा रविवार. तोवर वर बसलेल्या माणसाच्या छातीला मी काय सांगू? थांब म्हणून?" तिनं पदर खोचला. "सुरू करा. पहाटे निघायचंय."

तिच्यापुढे बोलायची त्या दोघांची टाप नव्हती. माशी मात्र थाळी तशीच घेऊन परत गेली. प्रसाद दिला नाही.

चारुदत्त भिंतीला धरून खाली आला. व्हॅनच्या मागच्या गादीवर, पाट पाठीशी घेऊन बसला. छातीला चोळलेल्या निलगिरीचा वास त्याच्याबरोबर शेडभर पसरला. "ऐकू दे तरी… माझा सारथी… कसा बोलतो ते," तो म्हणाला. एवढ्याला त्याला तीन श्वास लागले.

दिगंबरनं किल्ली फिरवली.

आधी नुसती घरघर. मग इंजिन धडधडलं, सूर धरला, आणि त्या सुरावर शंखातून एक बारीक शीळ चढत गेली. गोड शीळ. गुरुदत्तनं टाळ्या वाजवल्या. शीळ आणखी चढली. दिगंबरनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला तरी ती चढतच राहिली.

"पुरे, बंद करा," शकुन म्हणाली.

"बंदच केलंय…" दिगंबरचा चेहरा पांढरा पडला होता. "डिझेल तोडलंय, वहिनी… तरी चालतंय…"

मागून निळा धूर फुटला. व्हॅन जागच्या जागी थरथरू लागली, कपबश्या जमिनीवर पडून फुटल्या. "आपलंच वंगण पितंय ते!" दिगंबर ओरडला. "असं होतं कधीकधी… तोंड दाबा त्याचं! हवा तोडा, नाहीतर फुटेल!"

आता कुणी शहाणा म्हणेल, मग त्यात भुताचं काय? डिझेलचं इंजिन असं बेफाम होतं, हे जाणकारांना ठाऊक आहे. ठाऊक असू दे. पुढचं ऐका.

पुरुष दोघंही मागे सरले होते. शकुननं चारुदत्तच्या पाठीशी असलेला पाट ओढला आणि दोन्ही हातांनी शंखाच्या तोंडावर दाबला. शंखानं तो पाट असा आत खेचून धरला की तिचे खांदे हिसकले. शीळ गुदमरली. इंजिन आचके देऊ लागलं.

आणि मागे गादीवर चारुदत्त आचके देऊ लागला.

तिनं पाट तसूभर सरकवला. इंजिन गरजलं, आणि चारुदत्तनं घशाचा आवाज करत हवा आत घेतली. तिनं पाट दाबला. त्याचे डोळे पांढरे झाले. दोन वेळा तिनं हे करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच.

"वहिनी, सोडू नका!" दिगंबर ओरडत होता. "फुटलं तर आपण सगळे जाऊ!"

तिच्या हाताखाली ते धूड धापा टाकत होतं. डोळ्यांसमोर नवऱ्याचा हात हवेत काहीतरी शोधत होता. इंजिनाच्या पोटात काहीतरी तडकलं, लोखंड तडकतं तसं… आणि शकुननं डोळे मिटून पाट दाबून धरला.

सगळं थांबलं.

छपरावर कुणीतरी ओरडलं, "भो-काट्टा!" शकुननं मागे पाहिलं. चारुदत्तची मान खांद्यावर पडली होती. गुरुदत्त त्याचे गाल थोपटत होता, "चारू… अरे चारू…" ती हलली नाही. हलायला तिच्यात काही उरलंच नव्हतं.

बंद इंजिनाच्या तोंडावरून पाट आपोआप गळून खाली पडला. आणि त्या तोंडानं एक लांब, सावकाश श्वास घेतला.

चारुदत्तनं डोळे उघडले. "काय झालं? असे का बघताय सगळे?" तो म्हणाला. सबंध वाक्य, एका दमात. मग उठला आणि कठड्याला हात न लावता जिना चढून गेला.

त्या रात्री त्याच्या छातीत शीळ वाजली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. तो कामावर जाऊ लागला, जिन्यावर गाणं गुणगुणू लागला. डॉक्टरांनी नळी लावून बघितली आणि नुसतेच हसले. "आता कर्सियांग कशाला?" चारुदत्त म्हणाला. शकुननं देवापुढे साखर ठेवली.

चौथ्या दिवशी कामावरून येऊन तो झोपला असताना उशीतलं कापसाचं एक पीस त्याच्या ओठावर, नाकाखाली येऊन पडलेलं तिला दिसलं. छाती वरखाली होत होती. पीस हलत नव्हतं.

ती बघत राहिली. मग तिनं आपला तळहात त्याच्या नाकासमोर धरला. काही नाही. ओठांसमोर धरला. काही नाही. छाती मात्र वर… खाली… वर…

ती किंचाळली नाही. उठून शेडमध्ये गेली. इंजिन गार पडलं होतं, वर धूळ बसलेली. तिनं शंखाच्या तोंडाशी हात नेला. दमट, कोमट हवा तळहाताला लागली. मग आत ओढली गेली. पुन्हा बाहेर आली. तिला निलगिरीचा वास होता.

दिगंबर इंजिन न्यायला आला तेव्हा ती दारात उभी राहिली. "याला हात लावायचा नाही, भावजी."

"वहिनी, पोटात तडा गेलाय त्याच्या. भंगार आहे ते."

"असू दे. तोंडाला जाळी तेवढी बसवून द्या. बारीक. उंदीर शिरता कामा नये."

त्यानं जाळी बसवली, पण सबंध वेळ तो तिच्याकडे बघत होता. बायकोचं डोकं फिरलंय, असं त्यानं चारुदत्तला हळूच सांगितलंही. शकुननं सांगू दिलं. एक पाट घेऊन ती रोज त्या इंजिनाजवळ बसून भाजी चिरायची. उंदरांना काठी, पोरांना शिव्या. वर नवरा गुणगुणायचा आणि खाली ते तोंड आतबाहेर करायचं.

महिनाअखेरीला पाऊस लागला. असा पाऊस त्या शहरातल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. दोन दिवस, दोन रात्री. ट्रामा बुडाल्या, दिवे गेले. दूर बालीगंजला राहणारा गुरुदत्त आणि गोदीतला दिगंबर, दोघांपर्यंत निरोप पोचणं शक्य नव्हतं. शेड गल्लीपेक्षा खोल होती. शकुननं दाराशी पोती रचली, तर पाणी जमिनीतून वर आलं. बादल्या उपसून तिच्या हातांची सालं निघाली. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं. रबरी नळी शोधायला ती वर धावली. तोंडाला नळी जोडून छपरापर्यंत न्यायची, असं तिनं ठरवलं होतं.

भर दुपारी खोलीत अंधारून आलं होतं. चारुदत्त खिडकीशी कोरडा, स्वस्थ बसला होता.

"शकुन," तो म्हणाला, "खाली पाणी किती आलंय गं? तोंडाला चिखलाची चव येतेय."

नळी तिथेच टाकून ती जिन्यावरून घसरतच खाली आली. शेडमध्ये छातीइतकं काळं पाणी. व्हॅनचा नुसता वरचा भाग दिसत होता. इंजिन जिथे असायला हवं, तिथून बुडबुडे येत होते. एक… थांबून… एक. तोच ताल, नवऱ्याच्या निजलेल्या छातीचा. ती पाण्यात उतरली, हात बुडवून चाचपडू लागली.

"शकुन, वर ये," वरून हाक आली. बुडबुडा फुटला. "भिजशील." बुडबुडा. "मला काही होत नाही…" आणखी एक, बारीक.

मग पाणी सपाट झालं. तिनं वाट पाहिली. नुसता पावसाचा आवाज, आणि सपाट काळं पाणी.

"मला काही होत नाही शकुन वर ये पाणी गार आहे वर ये कशाला भिजतेस वर ये…" वरचा आवाज चालूच होता. मायेचा, शांत, ओळखीचा. तो आता श्वासाला थांबत नव्हता. एकदाही नाही.

शकुन जिन्याच्या पहिल्या पायरीशी आली. कठड्यावर हात ठेवून ती तिथेच उभी राहिली.

वरून पावलं जिना उतरू लागली होती.