जोसाया मेब्रीचं पत्र

मार्वेला गेन्स खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"शुक्रवारी संध्याकाळी सहाला माझ्या भावाला सुई टोचून मारणार आहेत," ती म्हणाली. "त्याला वाचवू शकणारा एकमेव माणूस शनिवारी मेला. शेरीफ म्हणतो, शिडीवरून पडला. मला नाही पटत."

खासगी तपास करणाऱ्या विनिफ्रेड स्टोक्सबाईंनी कॉफी बाजूला सारली. त्यांचा कामातला जोडीदार ओटिस प्रुइट याने वही उघडली. वीस वर्षं शेरीफच्या हाताखाली काढलेल्या ओटिसचं डोकं सावकाश चाले, म्हणून तो सगळं लिहून घेई.

हकिकत सरळ होती. नऊ वर्षांपूर्वी पेट्रोलपंपावरच्या दरोड्यात कर्टिस गेन्स बाहेर गाडीत बसला होता. आत साथीदाराने पंपावरच्या माणसाला गोळी घातली. साथीदार साक्ष देऊन जन्मठेपेवर सुटला आणि मरणाची शिक्षा कर्टिसच्या वाट्याला आली. सगळी अपिलं संपत आली, तेव्हा एक जुनं पत्र सापडलं. दक्षिण कॅरोलायनाच्या विधानसभेतल्या जोसाया मेब्रीने ते जानेवारी १७९० मध्ये भावाला लिहिलं होतं: 'आमच्यापुढे आलेल्या दुरुस्त्यांपैकी आठवीचा अर्थ मी असा घेतो, की ज्याने स्वहस्ते जीव घेतला नाही त्याचा जीव घेणे हे क्रौर्य होय.'

अमेरिकेच्या राज्यघटनेची आठवी दुरुस्ती क्रूर शिक्षांना बंदी घालते, आणि या देशातल्या न्यायाधीशांना राज्यघटना घडवणाऱ्यांच्या मनात काय होतं हे विचारायची मोठी हौस. पत्र अस्सल आहे, अशी साक्ष गावच्या दफ्तरखान्याचे प्रमुख एमरी फिच गुरुवारी कोर्टात देणार होते.

दफ्तरखान्यात फिच यांची मदतनीस लुएला शीलर एकटीच होती. तिचे डोळे सुजले होते. शनिवारी दुपारी तिलाच ते शिडीखाली पडलेले दिसले. डोकं फुटलेलं, हातांवर पांढरे सुती हातमोजे, टेबलावर पत्र उघडं.

"मोजे कुठले?" बाईंनी विचारलं.

"त्या फोटोंच्या कपाटातले," लुएला म्हणाली आणि पुन्हा रडू लागली.

ओटिसला रडणाऱ्या माणसाकडे बघवत नसे. तो भिंतीवरचा चौकटीतला छापील कागद वाचू लागला. १७८९ साली राज्यांकडे मंजुरीसाठी पाठवलेल्या दुरुस्त्यांची ती यादी होती. त्याने दोनदा मोजलं.

"या तर बारा आहेत. शाळेत आम्ही दहा घोकल्या."

"पाठवल्या बाराच होत्या. पहिल्या दोन तेव्हा मंजूर झाल्या नाहीत," लुएला डोळे पुसत म्हणाली. "ही यादी फिच साहेब येईल त्याला वाचायला लावायचे."

पत्राचा मालक ऑगस्टस मेब्री कोंबड्यांच्या शेडमध्ये भेटला. तो लुएलावर भलताच उखडलेला होता.

"घरचे कागद माझे, आणि मला शाळकरी पोरासारखे हात धुवायला लावले! मी चांगले मोजे घालून गेलो होतो, तेही उतरवले. म्हणे मोज्यांत बोटांना कळत नाही, जुना कागद फाटतो." पूर्वजाने काय लिहिलंय याची त्याला फिकीर नव्हती. वकील डँट्झलर वसंतात दोन दिवस त्याच्या माळ्यावर जुन्या कागदांची पेटी उपसत बसले होते आणि त्यानंतर ती दफ्तरखान्यात गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

कर्टिसचा वकील होलिस डँट्झलर महिनाभर झोपलेला दिसत नव्हता. आपण दफ्तरखान्यात कधी पाऊल ठेवलं नाही, छायाप्रती टपालाने येत, असं त्याने सांगितलं. "फिच फार जपून काम करायचे," तो म्हणाला. "मोजे घातल्याशिवाय त्या पत्राला त्यांनी कधी बोट लावलं नाही."

ओटिसने तेही लिहून घेतलं.

मंगळवारी दुपारी बाईंनी सगळ्यांना दफ्तरखान्यात बोलावलं.

"फिच कागद धुतलेल्या, उघड्या हातांनीच हाताळत," त्या म्हणाल्या. "इथली शिस्तच तशी. मोजे फक्त फोटोंसाठी. ते मोजे ते मेल्यावर दुसऱ्याने चढवले, आणि त्याला ही शिस्त ठाऊक नव्हती. लुएलाला होती. मेब्रींना तर चांगलीच शिकवली गेली होती. उरलात तुम्ही, डँट्झलर. तुम्ही आम्हालाही तेच चुकीचं सांगितलंत."

"मी त्यांना का मारू? ते माझे साक्षीदार होते."

"शनिवारपर्यंत. ओटिस, क्रूर शिक्षांची बंदी त्या यादीत कितवी?"

ओटिसने भिंतीपाशी जाऊन बोट फिरवलं. "दहावी."

"पहिल्या दोन गळाल्या म्हणून ती आठवी झाली, तेही १७९१ अखेर. १७९० च्या जानेवारीत जोसाया मेब्री तिला आठवी कशी म्हणेल? तसं म्हणेल आजचा वकील, उभा जन्म कोर्टात आठवी आठवी करत आलेला. माळ्यावर ती पेटी सगळ्यांआधी तुमच्याच हाताखालून गेली; पत्र तुम्हीच लिहून त्यात घातलंत. फिचना हे उशिरा दिसलं, आणि त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं."

डँट्झलर खुर्चीत बसला.

"नऊ वर्षं मी खरं तेच सांगितलं," तो म्हणाला. "पोरानं कुणाला मारलं नाही. एकानं ऐकलं नाही. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस बोलला, तेव्हा कुठे कोर्टानं सुनावणीची तारीख दिली. फिच शिडीवर चढून मूळ यादी काढत होते. मी पाय धरले, विनवलं. ते म्हणाले, खोटी साक्ष देणार नाही. मी शिडी ओढली."

ओटिसला त्याची चीड आली आणि दयाही आली, आणि दोन्हींची लाज वाटली.

मार्वेला भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

"मी अजून शेरीफला कळवलेलं नाही," स्टोक्सबाई तिला म्हणाल्या. "कळवणार आहे. पण आधी तुम्हाला कळायला हवं होतं."

"शनिवारी कळवलंत तर? गुरुवारी कोर्टाला पत्र खोटं आहे हे कळायचं नाही."

ओटिसने मान खाली घातली. तिच्या जागी तो असता तर त्यानेही शनिवारच म्हटलं असतं.

"पंपावरच्या माणसाची आई कोर्टात माझ्या समोरच्या बाकावर बसायची," मार्वेला सावकाश म्हणाली. "खून कुणी केला ते कर्टिसला माहीत होतं. तीन दिवस तो बोलला नाही. त्या तीन दिवसांसाठी तिनं त्याला कधी माफ केलं नाही. आणि फिचनाही कुणीतरी असेल."

तिने टेबलावरचा फोन ओढला आणि स्वतःच शेरीफचा नंबर फिरवला. तिचा आवाज शेवटपर्यंत स्थिर राहिला. फोन ठेवल्यावर ती ओटिसकडे वळली.

"तुरुंगात भेटीची वेळ चारपर्यंत आहे. मला सोडाल? त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."