न विरघळणारी फिल्म

फिल्म कोमट पाण्यात टाकली आणि समितीच्या डोळ्यांदेखत तिचा गिळगिळीत लगदा झाला.

गव्हाच्या काडातून झायलन नावाचं द्रव्य काढून, त्यावर प्रक्रिया करून अक्षयाने पाण्याला दाद न देणारी, प्लास्टिकसारखी पातळ अशी ही फिल्म बनवली होती. फेलोशिप वाढणं या चाचणीवरच होतं. पोरीची चार वर्षं बशीत बुडाली.

दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरातून अशोकमामा तडक प्रयोगशाळेत आले. जन्म तपासखात्यात गेलेला माणूस, भाची रडते म्हटल्यावर घरी थोडाच बसणार!

फिल्म ठेवलेल्या कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. स्वतः अक्षया, सहकारी सुजय आणि मार्गदर्शक कुमुदिनी मॅडम. सुजय बिचारा मुनिरक्याच्या खोलीत डब्यावर जगणारा, खोलीत साधी शेगडीही नाही.

"फिल्म कुणी बदलली असेल?" मामांनी विचारलं.

"झायलन आणणार कुठून? होतं तेवढं मीच वापरलं."

तेवढ्यात मॅडम आल्या. साडी सुती, कडक, वाळ्याचा मंद वास. मामांनी साडीचं कौतुक केलं, तर त्या खुलल्या. इथल्या धोब्यांना खळ जमत नाही, म्हणून साबुदाण्याची घरीच करतात म्हणे.

"अच्छा," म्हणून मामांनी त्या गेल्यावर बशी नाकाशी नेली. मग आयोडीन मागितलं. थेंब पडताच लगदा निळाशार झाला. झायलन असं निळं होत नाही, अक्षया पुटपुटली, हा स्टार्च आहे.

दोघं बशी घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"खरी फिल्म तुम्ही नेलीत," मामा म्हणाले. "चाचणी फसली की खरी फिल्म अक्षयाने बनवली होती, हे कोण मानणार? तिच्या जागी ठेवायला झायलन नव्हतं, म्हणून खळ पसरून वाळवलीत. पण साडीसाठी वाळा घालून केलेली तीच खळ घेतलीत. बशीला अजून वास येतोय."

बाई मुरलेल्या. पापणीही लवली नाही.

"फिल्म कंपनीकडे गेली. पेटंटचा अर्ज माझ्या नावाने आहे," त्या म्हणाल्या आणि अक्षयाकडे वळल्या. "थीसिसवर सही माझीच लागते. दुसरा विषय देते, सोपा."

मामांना तिच्याकडे बघवेना. आयुष्यभर चोर पकडले, आणि घरच्या पोरीच्या वेळी हात रिकामे.

अक्षयाने त्यांच्या हातातली बशी घेतली, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये नळाखाली धरली. निळा लगदा पूर्ण वाहून जाऊ दिला.

मग बशी पुसत तिने मॅडमना विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"