कुतूहलांकातली वाढ

सर्वकला महाविद्यालयाचा देशात पहिला क्रमांक आला, तेव्हा पेढा नाकारणाऱ्या एकट्या मेधाविनी खांबेटे होत्या. बाई तिथेच तत्त्वज्ञान शिकवत; संशय घेणं हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग. मुलांचे निबंध वर्षागणिक पांचट होत चालले असताना सात वर्षांत अठ्ठाविसाव्या क्रमांकावरून थेट पहिला? शिवाय लेक इराचा प्रवेशअर्ज याच महाविद्यालयात भरायचा होता आणि उद्या शेवटची तारीख होती.

पूर्वी क्रमांक लावताना इमारती, ग्रंथालय, नावलौकिक असलं काहीबाही मोजत. आता थेट मेंदू मोजत. अनपेक्षित प्रश्न समोर आला की मेंदूत एक लहर उठते. ती किती वेळ टिकते, तो माणसाचा कुतूहलांक. प्रवेशाच्या दिवशी कपाळाला पट्टा बांधून तो एकदा घेत, पदवीच्या दिवशी पुन्हा. मधली वाढ म्हणजे महाविद्यालयाची गुणवत्ता. सोंग घेऊन लहर दाबता येत नाही, त्यामुळे लबाडीला वावच नाही, असं सगळे म्हणत.

पट्टा तयार करणारे डॉ. असीम शिरोडकर हे बाईंचे जुने वर्गमित्र. बाईंनी त्यांना गाठलं आणि यंत्रात कुठे पाणी मुरतंय ते सरळ विचारलं. डॉक्टरांनी सात वर्षांचे आकडे पडद्यावर मांडले. पदवीचे अंक थोडे उतरले होते. प्रवेशाचे मात्र पार कोसळले होते.

"यंत्र खोटं बोलत नाही, मेधा. मुलंच विझून येतायत."

वाढ दाखवायची तर सुरुवात कमी हवी, म्हणून महाविद्यालयं कमी अंकाची मुलं आधी घेऊ लागली. क्लासवाल्यांनी ते बरोबर हेरलं. लहर दाबता येत नसली तरी वापरलीच नाही तर क्षीण होते. मग दोन वर्षं, रोज चार तास, एकही प्रश्न न विचारता नुसतं उतरवून काढायचं. नाव मोठं गोंडस: एकाग्रता वर्ग.

"पण आम्ही ती पुन्हा जागी करतो ना?" बाईंनी विचारलं.

"वर्ग सुटला की ती आपसूक थोडीफार परतते. त्यालाच आम्ही तुमची गुणवत्ता म्हणतो."

"थोडीफार म्हणजे?"

"सगळी नाही परतत."

 नवऱ्याच्या आग्रहावरून इरा दोन वर्षं एकाग्रता वर्गाला जात होती. पोरगी हल्ली वाद घालत नाही, शहाणी झाली, असं बाईच शेजारीपाजारी कौतुकानं सांगत होत्या. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी इरा वहीत काहीतरी उतरवून काढत बसली होती. ही भांडणार, रडणार, हे धरून बाईंनी वाटेतच सगळी उत्तरं जुळवली होती.

"इरा, तुझा अर्ज आपण भरत नाही आहोत. त्या महाविद्यालयात तू जायचं नाहीस."

इरानं मान वर केली.

"बरं, आई," ती म्हणाली आणि पुढची ओळ लिहू लागली.

खांबेटेबाई तिच्या 'का'ची वाट पाहत तिथेच उभ्या राहिल्या.