भिंगरीचा डावा खांदा

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. ज्याच्या घरी घडली तो माझा सख्खा मामा. पक्का शिंपी. पाव इंचावरून गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालणारा माणूस, तो भुताखेताच्या थापा कशाला मारेल?

आणि रात्र कधी होते याची वाट बघत बसू नका. यात रात्र नाहीच.

शनिवार होता. भर दुपार, अडीचचा सुमार. डोंगरावरच्या मारियामातेच्या तीर्थक्षेत्री मामा, मामी आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी आभार मानायला गेले होते.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ! ती वर्षापूर्वी जिन्यावरून पडली. पाय मोडला, दोन ऑपरेशनं झाली, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "चालेल, पण आधाराशिवाय नाही." मामीच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने त्याच दिवशी मारियामातेला शब्द दिला... पोर स्वतःच्या पायांवर चालू दे, तिच्या कुबड्या तुझ्या पायाशी आणून ठेवीन.

आणि पोर चालली. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं.

घोळ एकच होता.

कुबड्या तिच्या नव्हत्या.

त्या होत्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, अंगाने चिमणीएवढ्या. कित्येक वर्षं त्याच लाकडी कुबड्यांवर चालायच्या. मग आजारपणाने अंथरूण धरलं, तेव्हा आपणहून म्हणाल्या, "पोरीला वापरू दे. मला लागल्या की मागून घेईन." आणि भिंगरी चालायला लागायच्या महिनाभर आधी बाई गेल्या. मागे कुणी नाही. खोलीला कुलूप लागलं.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतेयस हं," निघताना मामा हसत म्हणाला.

"बाईंना आता काय करायच्यात?" मामी म्हणाली. ती हसली नाही.

चर्चला लागून एक लांबट खोली होती. भिंतीभर कुबड्या, काठ्या, मेणाचे हात-पाय, कापून काढलेली प्लास्टरं. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाच्या या?"

मामा घुटमळला.

"आमच्या मुलीच्या," मामी पटकन म्हणाली.

म्हाताऱ्याने कोरी चिठ्ठी पुढे केली. मामाने तिच्यावर भिंगरीचं नाव लिहिलं आणि कुबड्या खिळ्याला अडकवल्या. मग मेणबत्त्या लावल्या, गुडघे टेकले. मामी ढसाढसा रडली. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, असं मामा अजून सांगतो.

मग ते पायऱ्या उतरायला लागले...

भिंगरी मागे पडली. मामाने वळून पाहिलं. पोर एक पायरी उतरत होती... थांबत होती... मग पुढची.

"पाय दुखतोय का गं?"

"नाही बाबा."

"मग चल की भरभर!"

"भरभर कसं चालणार?" ती म्हणाली. बाबाला एवढंही कळत नाही, असा सूर.

कठडा डावीकडे होता. तो धरायचा सोडून ती उजवीकडे, हातभर लांब चालली होती. कठडा आणि ती, दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा...

दमली असेल, मामाने मनाशी म्हटलं.

खरी गोष्ट सोमवारी सुरू झाली.

मामाने भिंगरीसाठी शाळेचा नवा कोट शिवला होता. जाड, राखाडी कापड. डोंगरावर जायच्या आधीच्या आठवड्यात स्वतः माप घेतलं होतं. खांद्याच्या टोकापासून कमरेपर्यंत साडेतेरा इंच. डावीकडे साडेतेरा, उजवीकडे साडेतेरा. शनिवारी निघण्याआधी घालून पाहिला तेव्हा कोट अंगात ओतल्यासारखा बसला होता.

सोमवारी तोच कोट डाव्या खांद्यावरून ओघळत होता.

"माझाच हात चुकला वाटतं," मामा पुटपुटला. त्याने शिवण उसवली, पुन्हा घातली. मंगळवारी कोट पुन्हा ओघळला. आता मात्र त्याने टेप काढली.

"सरळ उभी राहा बघू."

"सरळच उभी आहे बाबा."

उजवा साडेतेरा.

डावा... तेरा.

गुरुवारी डावा साडेबारा झाला. आणि मामाला आणखी एक गोष्ट दिसली. कोटाच्या डाव्या खांद्यावर कापडाची लव पार गेली होती. तेवढाच भाग चकाकत होता. वर्षानुवर्षं टेबलावर घासून कोपराचं कापड झिजतं ना, अगदी तसा.

जेमतेम पंधरवड्याचं कापड होतं ते.

"दप्तर कुठल्या खांद्यावर घेतेस?" त्याने विचारलं.

"उजव्या."

"आणि डाव्या?"

भिंगरीने कोट काढून त्याच्या हातात दिला.

मामाचं दुकान तळमजल्यावर, घर पहिल्या मजल्यावर, आणि बाईंची बंद खोली दुसऱ्यावर. जिना दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून. मशीन थांबलं की कोण आलं, कोण गेलं, ते त्याला पावलांवरून कळतं. शुक्रवारी दुपारी चारला भिंगरी शाळेतून आली. मामाने मशीन थांबवलं.

टप... टप...

मग, सर्रर्र... काहीतरी घासत पुढे ओढल्याचा आवाज.

टप... टप... सर्रर्र...

आवाज पहिल्या मजल्यावर पोहोचला. थांबला नाही. वर गेला... दुसऱ्या मजल्यावर. तिथे क्षणभर शांतता. मग भिंगरी धडधडत खाली आली. एकटी. हलकी. नेहमीसारखी.

मामा कात्री हातात तशीच घेऊन वर धावला.

"वर कशाला गेली होतीस?"

"पोहोचवायला."

"कुणाला?"

"बाईंना. त्यांना एकट्यांना जिना चढवत नाही ना." मग थोडं थांबून म्हणाली, "कुबड्या कुठे आहेत त्यांच्याकडे?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मामा दुसऱ्या मजल्याकडे जायला वळला, तर तिने त्याचा हात घट्ट धरला.

"त्यांनी मागितल्या होत्या हो," ती म्हणाली. "दोनदा. कामवालीकरवी निरोप आला होता."

"काय?"

"भिंगरी अजून त्यांच्यावरच चालत होती. मी म्हटलं, अंथरुणाला खिळलेल्या बाई, कुबड्या घेऊन जाणार कुठे? आठवडाभर थांबा, असं सांगितलं." तिने त्याचा हात सोडला. "त्या बिछान्यात नव्हत्या गेल्या. दाराकडे येताना पडल्या होत्या. आपल्या घराकडे येत असणार... मागायला."

मामा संतापला. ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बायकोवर असा आवाज चढवला, आणि मग स्वतःच रडला. कारण चिठ्ठीवर पोरीचं नाव त्यानेच लिहिलं होतं.

शनिवारी सकाळी तो पहिल्या बसने डोंगरावर गेला. लांबट खोलीच्या भिंती अर्ध्याअधिक रिकाम्या होत्या. खिळे तेवढे उरले होते.

"खोली भरली की लाकडाचं सगळं जाळून टाकतो," म्हातारा म्हणाला. "परवाच जाळलं. जागा नको का नव्यांना? पण नाव ठेवलंय हो मुलीचं, काळजी करू नका. सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवतो आम्ही."

"कुबड्या तिच्या नव्हत्या," मामा म्हणाला.

म्हाताऱ्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

"मग तिचं नाव का लिहिलंत?"

मामा फादरना भेटला, बाईंच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगितली, चिठ्ठीवरचं मुलीचं नाव काढून बाईंचं लिहायला लावलं. येताना औषधांच्या दुकानातून कुबड्यांचा नवा जोड घेतला. बाईंच्या उंचीचा. शिंप्याची नजर, उंची विचारावी लागली नाही.

जोड त्याने वर, बाईंच्या बंद दाराला टेकवून ठेवला. मामीने उंबऱ्यावर डोकं ठेवलं.

"बाई, चूक माझी आहे. पोरीचा काय दोष? मला काय करायचं ते करा, पण तिला सोडा."



सोमवारी चार वाजता दोघंही दुकानात श्वास रोखून बसले.

टप, टप, टप, टप...

घासण्याचा आवाज नव्हता! पावलं पहिल्या मजल्यापर्यंत गेली. दार उघडलं. बंद झालं. वर कुणी गेलं नाही.

मामीने मामाला मिठीच मारली. दोघं जिना चढून घरात आले तेव्हा मामा लहान मुलासारखा हसत होता. त्याने टेप काढली.

"ये बघू, उभी राहा."

डावा... साडेबारा.

उजवा... साडेबारा.

"सारखे!" मामा ओरडला. "अगं बघ, दोन्ही सारखे! सुटली पोर!"

मामी हसत नव्हती.

"उजवा आधी किती होता हो?" तिने विचारलं.

"साडेतेरा," मामा म्हणाला, आणि टेप गुंडाळून ठेवली.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. नवा जोड दाराला तसाच टेकलेला आहे, वर धूळ बसली आहे. भिंगरीचे पाय ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणतात, वाढीचं वय आहे, पोरी पोक काढून चालतात. मामाने माप घेणं सोडलंय.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारी भिंगरी माझ्यापुढे जिना चढत होती. मान पुढे, पाठ वाकलेली, दोन्ही हात मागे नेऊन कमरेपाशी बांधलेले... लहान मुलाला पाठुंगळी घेतल्यावर आपण हात धरतो तसे.

"एवढी वाकून का चालतेस गं?" मी विचारलं.

"हळू बोल ताई," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

घासण्याचा आवाज का थांबला, ते मला तेव्हा कळलं. त्यांचे पाय आता जमिनीला लागतच नव्हते.