कळणाऱ्याचा दोष

चाचणीच्या थरथरत्या मंचावर डॉ. वैजयंती आरोलकरांनी लोखंडी पाइपांची मोळी पुन्हा आवळली. चार पट्ट्यांनी ती जागची हलत नव्हती. दोनच लावले की वळणाच्या हेलकाव्यात पट्टे सैल पडत आणि पाइप सरकत. घाटात नेमकं हेच झालं होतं. चालकरहित ट्रकवरून सुटलेला पाइप मागच्या दुधाच्या टेम्पोत घुसला आणि तो चालवणाऱ्या भैरू चौगुलेंचा पाय गुडघ्यापासून गेला.

"दोन पट्ट्यांवर भागवलं मेल्यांनी!" त्या चरफडल्या.

ट्रकवरचे जाणपट्टे हा त्यांचाच शोध. त्यांत विणलेले तंतू ताण मोजत आणि पट्टा ढिला पडताच इशारा पाठवत. कोणाला काय कळलं, हे त्यामुळे बिनचूक सांगता येऊ लागलं आणि त्यावरच नवा कायदा उभा राहिला : ज्याला धोका कळला आणि टाळता आला असता, तो जबाबदार.

सुनावणीत ट्रक कंपनीचे वकील निंबाळकर उठले. "डॉक्टर, कंपनीच्या कार्यालयात इशारा पोहोचला?"

"नाही. त्यांनी इशारे घेणंच बंद ठेवलं होतं."

"म्हणजे त्यांना कळलं नाही."

"कळू नये अशी सोय त्यांनीच केली होती!"

"कायदा तेवढ्या खोलात जात नाही. माल बांधणाऱ्याला कळलं?"

"निघताना दोन्ही पट्ट्यांचा ताण पुरेसा होता. पण पट्टेच कमी..."

"म्हणजे नाही. ट्रकच्या यंत्रमेंदूला?"

"त्याला कळलं. पण उतारावर एकदम थांबला असता, तर सगळाच माल सुटला असता."

"म्हणजे टाळता येत नव्हतं. आणखी कोणाला कळलं?"

इशारा मागच्या गाड्यांनाही जावा, ही सोय वैजयंतींनीच हट्टाने करून घेतली होती. जीव वाचावेत म्हणून.

"मागच्या टेम्पोला," त्या पुटपुटल्या.

"आणि टेम्पोला मागे राहता आलं असतं?"

"दूध नासलं असतं की!" चौगुले बाकावरूनच ओरडले. "असले इशारे रोज येत्यात. प्रत्येकाला थांबायचं म्हटलं तर डेअरीत पोचायचं कधी?"

न्यायाधीशांनी खेदाने मान हलवली आणि निकाल दिला. कंपनी सुटली. अपघाताला जबाबदार भैरू चौगुले.

वैजयंती तणतणत बाहेर आल्या. कायद्यात बसणारा दुसरा निकाल त्यांनाही सापडत नव्हता, आणि त्यानेच त्यांचा जास्त जळफळाट होत होता.

आवारात दुरुस्त केलेल्या टेम्पोला टेकून चौगुले कुबड्यांवर उभे होते. चालकाच्या जागेवर त्यांची बायको बसली होती.

"मॅडम, आता टेम्पो ही चालवणार. यातला तुमचा तो इशारे घेणारा डबा तेवढा काढून द्या."

"अहो, त्यानेच यांचा जीव वाचेल!"

"वाचंलही. पण नाही वाचला, तर दोषही हिच्याच माथी. न कळलेलं बरं."

बाई सुकाणू धरून वाट पाहत होती. पलीकडच्या रस्त्यावरून पाइपांनी लादलेला एक ट्रक घाटाकडे वळला.

"पाना आहे का?" वैजयंतींनी विचारलं.