दुमडलेला कोपरा

दागिन्यांच्या कारखान्यात जिन्याच्या वळणावर त्याची आणि तिची टक्कर झाली, तिच्या तबकातल्या दोन पुड्या सुटल्या आणि खडे पायऱ्यांवर विखुरले.

"अहो, डोळे घरी विसरून आलात का?"

"सॉरी... मी वेचतो ना."

"लाल तुम्ही वेचा, हिरवे मी. एक जरी हरवला, तर काका दोघांना इथूनच घरी पाठवतील."

कामावरचा त्याचा दुसराच दिवस. आधीच्या ठिकाणी तो फक्त हिरे बसवायचा, आणि त्या हिऱ्यांना कुणी रंग विचारत नसे. इथे मात्र माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज, सगळंच. आणि लाल-हिरवा त्याला जन्मापासून सारखाच दिसायचा. हे काकांना, म्हणजे मालकांना, कळलं की नोकरी गेलीच!

त्याने मूठभर खडे वेचून पुढे धरले. त्यात सात माणकं होती... आणि चार पाचू.

खडे निवडून पुड्या बांधणाऱ्या या मुलीला कारखान्यात सगळे चिमटी म्हणत. हातातल्या चिमट्यामुळे की जिभेमुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण आज तिने फक्त चार पाचू हळूच उचलले आणि ती वर निघून गेली.

काकांचं बोलावणं आता येईल, मग येईल, म्हणून तो दिवसभर कान टवकारून बसला. बोलावणं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या त्या पुड्या. एकीचा एक कोपरा दुमडलेला, दुसरीचे दोन.

"एक म्हणजे माणिक, दोन म्हणजे पाचू," ती जाता जाता पुटपुटली. "माणिक टणक असतं. पाचूला मात्र जपा, जास्त दाबलात तर तडकेल."

"तुमच्यासारखा?"

"मी तडकत नाही. समोरच्याला तडकवते."

तेव्हापासून पुडी हातात आली की तो आधी कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचा आणि मनातल्या मनात तिचे आभार मानायचा. खूप बरं वाटायचं त्याला. मग जेवणाच्या सुट्टीत ती त्याला भिंगातून खडे दाखवू लागली. पाचूच्या आत शेवाळासारख्या रेषा, माणकाच्या आत रेशमाचे बारीक धागे.

"मग तुम्हाला नीट दिसतं तरी काय?" तिने एकदा विचारलं.

"निळा. निळ्यात मी कधीच चुकत नाही."

दुसऱ्या दिवशी ती निळी ओढणी घेऊन आली. त्या दिवशी त्याने एक खडा चक्क उलटा बसवला.

आणि मग ती तापाने चार दिवस आलीच नाही. नेमका तेव्हाच एक माणिक, एक पाचू अशा हाराचं काम आलं. पुडी सरळ कोपऱ्यांची, खडे एकत्र, आणि काका समोर उभे! त्याने भिंग डोळ्याला लावलं. एकेक खडा आतून पाहत वेगळा केला.

"एवढा वेळ का रे?"

आता लपवणं त्याच्या जिवावर आलं. "काका, मला लाल-हिरवा कळत नाही. म्हणून आत बघतो."

काकांनी सगळे खडे तपासले. "एकही चुकला नाहीस. बघत जा आतच."

ती परतली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. "म्हणजे आता माझे कोपरे नकोत," ती म्हणाली. आवाज जरा पडलेलाच होता.

त्याने खिशातून एक पुडी काढली. "नीलमची अंगठी आहे. खडा मीच निवडला, कुणालाही न विचारता."

"उपकार फेडताय?" तिने रोखून पाहिलं. "मग नको मला."

"आभार तर मी रोज मानतो, त्याला अंगठी कशाला? ही... तुम्ही आवडता म्हणून. हो असेल तर कोपरा दुमडून पाठवा. नसेल तर तशीच परत करा."

ती पुडी घेऊन वर गेली. दुपारी तबक खाली आलं. पुडी हातात घेताना त्याने डोळे घट्ट मिटले आणि अंगठा फिरवला. पहिला कोपरा दुमडलेला. दुसराही. तिसरा... चौथासुद्धा! आणि पुडी रिकामी.

जिन्यावरून आवाज आला, "दिसलं का रे?"

"नाही," तो डोळे न उघडताच म्हणाला, "पण कळलं."