सेकंदाला पाचदा

कोंढ्यात माझं गॅरेज आहे आणि मला नाद एकच: गाडीचा थरथराट कमी करायचा. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये रबराचं माउंटिंग असतं. कंपनी एका जातीचं रबर घालते, मी दोन जातींचं घालतो. आत मऊ, बाहेर कडक. साचेही माझेच. बायको माहेरी गेली त्याला सहा वर्षं झाली, त्यामुळे वेळच वेळ आहे.

फेब्रुवारीत आसगावचे सुखराम गुरुजी आपली जुनी गाडी घेऊन आले.

"राजकुमार, बाजूची सीट थरथरते. बंद करून दे, बाबू. मले पाहावत नाही."

मी थरथर मोजायचं अ‍ॅप लावून फोन ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला. सेकंदाला सव्वीस. चालू इंजिनाचा थरथराट एवढाच असतो. मग बाजूच्या सीटवर ठेवला. पाच.

इंजिन बंद केलं. पाचच.

फोन बिघडला असेल म्हणून गुरुजींचा लावला. तोही तेच सांगत होता.

"कौशल्या तिथंच बसे," गुरुजी म्हणाले. त्यांची बायको दिवाळीत वारली होती. "कंपवात होता तिले. दर सोमवारी भंडाऱ्याले दवाखान्यात नेत होतो. हात असेच कापत. मी हात ठेवलो का थांबत."

मी असलं काही मानत नाही. डावीकडचं माउंटिंग फाटलं होतं; ते काढून माझं बसवलं. दोन्ही सीटा गप्प झाल्या. मी खूश होतो. गुरुजी मात्र रिकाम्या सीटकडे बघत उभे राहिले, मग गाडी घेऊन गेले.

जुना पार्ट कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी मी ती मोडली. रबर आतून कुठे फाटलंय ते मला बघायचं होतं. करवतीने दोन तुकडे केले आणि गॅरेजमागच्या माझ्या खोलीत टेबलावर ठेवले.

पाचव्या दिवशी गुरुजी परत आले.

"जुनंच वापस लाव."

"काहून, गुरुजी? चांगली चालून राहिली ना?"

"लय चूप चालते रे. आसगाववरून इथंवर एकटाच आलो." त्यांचे डोळे भरून आले होते.

"भंगारात गेलं ते," मी म्हणालो.

खोटं बोललो. लाज वाटली, अजूनही वाटते.

तुकडे टेबलावरच होते. गुरुजी परत यायच्या आधीच, तिसऱ्या दुपारी जेवताना ग्लासातलं पाणी हललं होतं. मी फोन ठेवून मोजलं. सेकंदाला पाच. तुकड्यांवर हात ठेवला की थांबायचं, उचलला की पुन्हा सुरू. सहा वर्षांत पहिल्यांदा मला खोलीत एकटं वाटलं नाही.

काल दुपारी गुरुजींची गाडी माझ्या खोलीच्या खिडकीसमोरून गेली. आवाजच नव्हता. त्यांचा डावा हात बाजूच्या सीटवर पालथा ठेवलेला होता.

टेबलावर ग्लास वाजायला लागला. पाणी काठावरून सांडलं.

मी तुकड्यांवर हात ठेवला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दाबून धरला.